जरा उंच लागतेय

खालच्या दाढेत सिमेंट भरून झालं, की डॉक्टर निळा कागद दातांमध्ये धरून 'चावा' म्हणतात. मग 'टकटक करा', 'आता बाजूला घासा'. आपण बधिर जबड्यानं जमेल तसं करतो. 'उंच लागतेय का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणतो, आणि ते खोटंही नसतं, कारण त्या वेळी काहीच लागत नसतं. खालच्या जबड्यात दिलेल्या इंजेक्शनची बधिरता ओठावर दोन-तीन तास सहज राहते. रात्री भाकरीचा पहिला घास घेतला तेव्हा मला कळलं, की ती एकटी दाढ आधी टेकतेय आणि बाकीचे दात अधांतरी आहेत.

मी आठ दिवस गप्प बसलो. एवढ्याशासाठी पुन्हा जायचं? सवय होईल.

एवढंसं म्हणजे किती? माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. निरोगी दातांना त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, वीसेक मायक्रॉनचा अडथळाही जाणवतो. दाताचं मूळ हाडात खिळ्यासारखं ठोकलेलं नसतं. हाड आणि मूळ यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचं तंतूंचं आवरण असतं आणि दाब ओळखणाऱ्या नसा त्यात असतात. म्हणूनच रूट कॅनाल केलेली दाढही कॅप उंच बसली तर ठणकते. 'नस काढली, मग दुखते कशी?' असं चिडून विचारणारे पुष्कळ भेटतात. आतली नस गेली, तरी बाहेरचं आवरण जिवंतच असतं.

तेव्हा 'जरा उंच लागतेय' ही कुरकुर नव्हे, ते मोजमाप आहे. डॉक्टरांचा कागद दात कुठे टेकतात ते दाखवतो, पण जेवताना काय होतं ते त्याला ठाऊक नसतं. ते सांगणारा एकच जण, आणि तोच संकोचानं गप्प. आपल्याकडे हा संकोच फार मुरलेला आहे. एकदा काम झालं, पैसे दिले, आता पुन्हा तक्रार घेऊन जाणं म्हणजे डॉक्टरांच्या कामावर बोट ठेवणं, असं वाटतं. त्यात दुसऱ्या फेरीचे बहुतेक जण पैसे घेत नाहीत, त्यामुळे आपण फुकट वेळ खातोय ही टोचणी वेगळीच. माझ्या मते डॉक्टरांनी ही फेरी पहिल्याच हिशेबात धरावी आणि तसं आधीच सांगावं. शिंपी ट्रायलला बोलावतो तेव्हा कुणाला ओशाळं होत नाही.

'सवय होईल' हे मात्र सरसकट खोटं नाही, घोळ तिथंच आहे. नवी कोल्हापुरी चप्पल चावते. तेल लावून चार दिवस वापरली, की कातडं सैल होतं. सिमेंट आणि सिरॅमिक सैल होत नाहीत. उंच भागाचा मार दाताच्या मुळाशी बसत राहतो, आणि आपण नकळत दुसऱ्या बाजूनं चावू लागतो. ती सवय नव्हे, पळवाट.

कवळीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. आईनं पूर्ण कवळी बसवली तेव्हा पहिले दिवस 'स' आणि 'श' निसटायचे, तोंडाला पाणी सुटायचं, तोंडात कुणी परकं येऊन बसलंय असं वाटायचं. हे आपोआप ओसरलं. पण खालच्या हिरडीवर एक जागा लाल झाली, ती ओसरली नाही. आईनं काय करावं? कवळी काढून डबीत ठेवली, मऊ भातावर दिवस काढले आणि दुखणं थांबल्यावर तपासणीला गेली. डॉक्टर हसल्या. 'काकू, आता मला काय दिसणार? यायच्या आदल्या दिवशी घालून ठेवा, तोंडात असतानाच या.' जखमेची जागाच त्यांना कुठे घासायचं ते सांगणार होती. आई चार वेळा गेली. दर वेळी दोन मिनिटांचं घासणं, आणि त्यासाठी रिक्षा, जिना, तासभर बाक. (आमच्या शेजारच्या आजोबांनी हे काम घरीच काणशीनं उरकलं. नंतर त्यांना नवी कवळी करावी लागली. घासून कमी केलेलं तोंडात परत येत नाही.)

चार फेऱ्यांनी संपलं असंही नाही. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त. खालचं तर अधिकच. कवळी तीच राहते, खालची जमीन खचते. मग पेरूच्या बिया आत शिरतात आणि कवळीला आतून नवं अस्तर द्यावं लागतं.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही या फेऱ्या चुकल्या नाहीत. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा (शब्दशः!), प्रत्यक्षात त्यात हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात होते. १७९८ च्या डिसेंबरात त्यांनी आपले दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांना पत्र लिहून गाऱ्हाणं केलं, की या दातांनी ओठ पुढे ढकलले जातात. दात न्यूयॉर्कला धाडायचे आणि तोंड मात्र इकडेच, अशी ती दुरुस्ती. चूक शब्दांत नेमकी सांगता आली नाही, तर सगळंच फसणार. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या माणसानं ओठ कुठे फुगतो हे लिहायला संकोच केला नाही.

नवव्या दिवशी मी गेलो. निळा कागद, टकटक, एक ठिपका. घासायला अर्धं मिनिट लागलं असेल. परवा सुपारीचं खांड चावताना पुन्हा किंचित जाणवलं. सोमवारी साडेसहाची वेळ घेतली आहे.