चोवीस खिडक्या आणि बारा पानं

आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर पहाटेपासून रांग लागते. डिसेंबरात त्याच वडाळ्यात, अवर लेडी ऑफ डोलर्स चर्चच्या वस्तीत, नाताळची तयारी चालू असते. यंदा एकादशी कधी आणि गुड फ्रायडे कधी, हे मात्र दोन्हीकडच्या घरांत बहुधा भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरात पाहिलं जातं. सणाची वाट पाहणं जगभर छापील कागदावर आलं आणि विकलं गेलं. त्याचे दोन नमुने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला जर्मन. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांत दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. म्युनिकचा प्रकाशक गेऱ्हार्ड लांग लहान असताना त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ लावून दिले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने तीच कल्पना छापली आणि पुढे त्या कागदाला रोज एक उघडायच्या खिडक्या आल्या.

यात व्यापाराचं एक बारीक गणित आहे. आगमनकाळाचा पहिला दिवस 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये दरवर्षी सरकतो. छापील कॅलेंडर मात्र सरळ 1 डिसेंबरला सुरू होतं. त्यावर वार नाही, सालही नाही. म्हणजे यंदा खपलं नाही तर पुढच्या वर्षी खपेल! धर्माने दिलेला हिशेब दुकानाने आपल्या सोयीने गोल करून घेतला.

दुसऱ्या महायुद्धात कागदाअभावी हा धंदा बसला. 1946 मध्ये श्टुटगार्टच्या रिखार्ड झेल्मरने तो पुन्हा उभा केला. 1953 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवंडांचा असं कॅलेंडर घेतलेला फोटो अमेरिकेत छापून आला आणि तिथे मागणी वाढली. कॅडबरीने 1971 मध्ये ब्रिटनमध्ये चॉकलेटचं कॅलेंडर काढलं, पण दरवर्षी नेमाने यायला 1993 उजाडावं लागलं. मग लेगो आलं, सौंदर्यप्रसाधनं आली. 2021 मध्ये शनेलने 825 डॉलरचं कॅलेंडर काढलं. त्यातल्या काही कप्प्यांत नुसते स्टिकर निघाले आणि गिऱ्हाइकांनी समाजमाध्यमांवर कंपनीची यथेच्छ खरडपट्टी काढली. खडूची रेघ पुसून मुलाच्या हाती काहीच पडत नव्हतं, तरी तक्रार नव्हती. रोज बक्षीस मिळायला लागलं, की 25 तारखेची ओढ ती काय उरणार?

दुसरा नमुना आपला. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं, तरी पुढे जवळजवळ दीडशे वर्षं पंचांग भटजींकडून किंवा घरातल्या जाणत्याकडूनच वाचून घ्यायचं असे. भिंतीवरचं कॅलेंडर ही तर दुकानदाराकडून फुकट मिळायची वस्तू. पुढे देवाचं चित्र, मागे कोरा कागद. मालवणच्या जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये या दोन्हींची सांगड घातली आणि कालनिर्णय काढलं. तारखेच्या चौकटीत तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय. हिंदू सणांबरोबर ईद, नाताळ, पतेतीही. मागच्या कोऱ्या बाजूवर लेख, पाककृती, राशिभविष्य. साळगावकरांनी आधी शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवल्या होत्या. छोट्या चौकटीत काय काय बसवता येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

धंद्याच्या दृष्टीने हे जर्मन कॅलेंडरपेक्षा जोखमीचं. जानेवारी सरला, की उरलेल्या प्रती रद्दीत. म्हणूनच दिवाळी अंकांच्या सोबतीनेच ते दुकानात येतं. बँका, सराफ, नगरसेवक आपलं नाव छापून घाऊक प्रती वाटतात. बदल्यात त्यांना वर्षभराची भिंत मिळते.

आणि भिंतही कशी, तर स्वयंपाकघराजवळची. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बाईची सुट्टी, लाल पेनाने गोल केलेलं कुणाचं तरी लग्न. डिसेंबर येईपर्यंत खिळ्याजवळचं भोक फाटून मोठं झालेलं असतं. प्रकाशकाने छापलेल्या मजकुरावर घरातल्यांनी स्वतःचा मजकूर लिहावा, असं भाग्य फार थोड्या प्रकाशनांना लाभतं. चोवीस खिडक्यांच्या कॅलेंडरात लिहायला जागाच नसते. ते उघडून संपवायचं असतं.

जर्मन कॅलेंडर पुढचं लपवून विकतं. आपलं सगळं वर्ष आधीच उघडं करून विकतं. विसर्जनाहून परतताच पुढच्या वर्षीचे गणपती कधी, हे शोधणाऱ्या लोकांना दुसरं काही पटलंही नसतं. आता तिथी मोबाइलवर दिसते, कालनिर्णयचं अ‍ॅपही आहे. पण खाडे अजून कागदावरच पडतात. वाट पाहण्याची चव टिकवण्यात आपलं कॅलेंडर उजवं आहे, कारण ते आपल्याला रोज काही देऊ करत नाही.

एक सवय मात्र आपल्यालाही सोडवत नाही. नवं कॅलेंडर घरात आलं, की पानांमागचं सगळं त्याच आठवड्यात वाचून मोकळं व्हायचं. यंदा निदान डिसेंबरच्या पानामागचा लेख डिसेंबरपर्यंत राखून ठेवा.