शिशाची पट्टी

२९ फेब्रुवारी २००८ रोजी केंद्राच्या अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा रेघ दोन हेक्टरांवर ओढली होती. तेवढी जमीन असलेल्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ. त्यावरच्यानं आधी पंचाहत्तर टक्के भरायचे, मग पंचवीस टक्के सूट. कागदावर यात कुणावरही अन्याय नव्हता, रेघ सगळ्यांना एकच होती. पण कॅनॉलच्या पाण्यावर ऊस घेणारा पाच एकरवाला आणि फुलसावंगीच्या बाजूला पावसाच्या भरवशावर कापूस पेरणारा सात एकरवाला यांत लहान शेतकरी कोण? रेघेनं उसाच्या मालकाला लहान ठरवलं.

ही अडचण ॲरिस्टॉटलनं ओळखली होती. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो म्हणतो की कायदा सर्वांसाठी एकदम बोलतो, आणि माणसांचे प्रसंग मात्र एकेक येतात. त्यात चूक कायद्याची नाही आणि करणाऱ्याचीही नाही, माणसांचे व्यवहारच तसे. म्हणून कायदा करणारा स्वतः तिथे हजर असता तर त्यानं जे ठरवलं असतं, ते आपण ठरवावं. लेस्बोस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते, आणि मग माप खरं येतं.

वाचायला छान वाटतं. पण पट्टी कुणाच्या हातात? आपल्याकडे ती पुतण्यासाठीही वाकते, हे सांगायला ग्रीक तत्त्वज्ञ नको. शहाण्या माणसाचं राज्य कायद्याच्या राज्यापेक्षा श्रेष्ठ, असं मांडणाऱ्या प्लेटोनंही म्हातारपणी ‘लॉज’ लिहिला आणि कायद्याला दुय्यम का होईना, पण जागा दिली. तसा शहाणा माणूस सापडणार कुठे, हा प्रश्न त्याला चुकवता आला नाही.

कायदा पाळायचा की न्याय, या पेचात सॉक्रेटिस दोनदा सापडला. इ. स. पू. ४०४ मध्ये सत्ता बळकावलेल्या तीस जणांनी त्याला आणि आणखी काहींना सलामिसच्या लिऑनला धरून आणायला सांगितलं. बाकीचे गेले, हा सरळ घरी गेला. पुढे इ. स. पू. ३९९ मध्ये नगराच्या न्यायालयानं त्यालाच मृत्युदंड दिला, आणि मित्रानं पळून जायची सोय केली असतानाही तो हलला नाही. वरवर पाहता विसंगती. मला तशी वाटत नाही. नगराच्या निकालानं आपल्यावर झालेला अन्याय त्यानं सोसला. नगराच्या नावानं दुसऱ्यावर अन्याय करायला मात्र त्याचे हात तयार नव्हते.

हे आठवायचं कारण फुलसावंगीच्याच महागाव तालुक्यात आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ दत्तपूरला जीवन संपवलं. पुढे २००६ मध्ये शासनानं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना एक लाखाच्या मदतीचे निकष ठरवले: शेत नावावर हवं, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं, आणि फेड थकलेली हवी. मक्त्यानं शेत करणारा किंवा विनापरवाना सावकाराच्या दारात गेलेला माणूस यात बसत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे फाईल येते आणि शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र.

समितीतला माणूस काही लिऑनला पकडायला निघालेला नसतो. निकष त्यानं केलेले नसतात. तरी सही त्याचीच असते. माझा कौल ॲरिस्टॉटलच्या बाजूनं, पण एका अटीवर: पट्टी कुठे आणि का वाकवली, ते फाईलवर लिहिलेलं असावं आणि गावाला वाचता यावं. तेवढं झालं तर पुतण्याची सोय करणंही अवघड जाईल.

२००८ च्या योजनेतही पट्टी थोडी वाकलीच होती. अवर्षणप्रवण जिल्ह्यांत मोठ्या धारणेच्या शेतकऱ्याला पंचवीस टक्के किंवा वीस हजार, यांतली मोठी रक्कम देऊ केली. मात्र उरलेलं कर्ज आधी त्यानंच भरायचं होतं.