कूलरमधले पाणी

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसास येथील उन्हाळा सोसवत नाही, आणि म्हणून कूलर हे त्याच्या बिऱ्हाडाचे एक आवश्यक अंग होऊन बसते. पावसाळा लागला की त्याची गरज सरते. तळाचे पाणी मात्र तसेच राहते. गेल्या भाद्रपदात महानगरपालिकेचा माणूस आमच्या क्वार्टरमध्ये आला. त्याने कूलरची जाळी बाजूला केली, विजेरीचा झोत टाकला आणि आत वळवळणाऱ्या अळ्या आम्हांस दाखविल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या बिऱ्हाडातील सात वर्षांचा मुलगा डेंग्यूने रुग्णालयात पडून होता.

त्याला चावलेला डास आमच्याच घरचा होता काय? हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. याच गोष्टीचा आम्हांस प्रथम दिलासा वाटला, आणि मागाहून लाज वाटली.

डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि जन्मस्थानापासून सहसा फार दूर जात नाही. अंड्यातून निघून पंख फुटण्यास त्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा पाणी उपसून भांडे घासले तरी पुष्कळ साधते. घासावयाचे अशासाठी, की कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोनमहिने टिकतात. १९९६ साली या शहरात १०,००० हून अधिक माणसे डेंग्यूने आजारी पडली व ४०० हून अधिक दगावली. २०१५ साली रुग्णांची संख्या १५,००० च्या वर गेली. एवढ्या मृत्यूंमागे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता.

आम्ही कचेरीतली माणसे. 'हा विषय या शाखेचा नाही' असा शेरा मारून कागद पुढे सरकविण्याची आम्हांस सवय. डास हा महानगरपालिकेचा विषय, असा शेरा आम्ही मनातल्या मनात केव्हाच मारून ठेवला होता. पालिकेची जबाबदारी मोठी आहे, हे खरे. तथापि कुलूपबंद घरातील कूलरपर्यंत तिचा हात पोचत नाही.

कायदा पुरावा मागतो, आणि ते योग्यच आहे. सदसद्विवेकबुद्धीने मात्र पुराव्याची वाट पाहू नये. आमच्यामुळे घडले असे ठरत नसले, तरी आमच्यामुळे घडू शकले असते, एवढे कबूल करणे आमच्या हाती होते.

मुलगा बरा होऊन घरी आला, तेव्हा त्याच्या आईने आमच्याकडे लाडू पाठविले. कूलरची हकीकत त्यांना सांगावी असे आम्हांस वाटले. पण आम्ही ती सांगितली नाही. हल्ली दर रविवारी आम्ही कूलर उपसून, घासून कोरडा करतो. तेवढ्याने प्रायश्चित्त झाले, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.