विसराळू उंदीर

एक होता उंदीर. लाकडाचा. पोटात लोहचुंबक, खाली चाकं आणि तोंडाला तांब्याच्या तारेच्या मिशा. नाव मात्र भारदस्त, थिसियस. ग्रीक पुराणातला हा वीर भुलभुलैयात शिरला, आतल्या नरवृषभाला मारलं आणि दोऱ्याचा माग काढत बाहेर आला. उंदराकडे दोरा नव्हता.

त्याला घडवणारा माणूस म्हणजे क्लॉड शॅनन. माहिती मोजायची कशी, हे त्याने 1948 साली एका निबंधात मांडलं आणि आजचं फोन-इंटरनेटचं सगळं जग त्या पायावर उभं राहिलं. एवढं करून ठेवल्यावर माणसाने गंभीर चेहऱ्याने फिरायला हरकत नव्हती. पण गडी खेळण्यांत रमणारा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत असताना, 1950 च्या सुमारास, त्याने हा उंदीर आणि त्याचा भुलभुलैया तयार केला. तारा जोडण्यात बायको बेटीचाही हात होता, तीही गणितातलीच.

भुलभुलैया 5 बाय 5 चा, म्हणजे 25 चौकटी. भिंती धातूच्या पत्र्याच्या, उचलून हव्या तिथे बसवता येतील अशा. सगळी मेख इथेच आहे. एरवीच्या भुलभुलैयावर उतारे पुष्कळ. एक हात भिंतीला लावून चालत राहा, सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतील तर दार आज ना उद्या सापडतंच. नाहीतर गेलेल्या वाटेवर खडूने खूण करत जा. पण खूण करून पुढे गेलात आणि मागे भिंतच हलली, तर? मग ती खूणच तुम्हाला फसवते.

आता उंदराची पहिली फेरी बघा. एका चौकटीच्या मधोमध त्याला ठेवलंय. दुसऱ्या एका चौकटीत ‘चीज’ आहे. चीज कसलं, विजेचं टोक. उंदीर पुढे सरकतो, मिशी भिंतीला टेकते, खट्‌ आवाज होतो, तो मागे येऊन चौकटीच्या मध्यावर थांबतो. वळतो. पुन्हा पुढे, पुन्हा खट्‌. तिसऱ्या दिशेला वाट मिळते, तो पुढच्या चौकटीत जातो आणि तोच खेळ पुन्हा सुरू. असं धडपडत अखेर मिशी चीजला लागते.

दुसऱ्या फेरीत मात्र तोच उंदीर कुठेही न आपटता थेट चीजपाशी जातो. बघणारे टाळ्या वाजवत असतील ते इथेच. खरं तर उंदराला काहीच कळत नाही. त्याची अक्कल जमिनीखाली आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायचे तसले रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, तिथे बसवलेत आणि एक चुंबक उंदराला खालून ओढत नेतो. प्रत्येक चौकटीसाठी दोन रिले. चार दिशांपैकी एक लक्षात ठेवायला तेवढे पुरतात. नोंद एकच असते, इथून शेवटचं बाहेर पडलो ते कोणत्या दिशेने. चुकलेली वळणं, खाल्लेल्या धडका यातलं काहीही साठवलेलं नाही. तरी तेवढ्यावर भागतं, कारण हिंडताना एखाद्या चौकटीत दहादा आलात, तरी शेवटची बाहेर पडण्याची दिशाच चीजकडे घेऊन गेलेली असते.

मग शॅनन एक भिंत उचलतो आणि नेमकी उंदराच्या सरावाच्या वाटेवर ठेवतो.

उंदीर नेहमीच्या ऐटीत येतो आणि धडकतो. काल इथे वाट होती. पंधरा वर्षांनी गावी आलेला चाकरमानी पारापासून डावीकडे वळतो आणि समोर नव्या इमारतीचं कुंपण उभं असतं, तसं. माणूस तिथे उभा राहून गाव कसं बिघडलं यावर अर्धा तास बोलेल. उंदीर बोलत नाही. त्या चौकटीतली जुनी नोंद पुसतो, पुन्हा चाचपडायला लागतो, नवी दिशा लिहितो. आणि सगळंच पुसत नाही, हे महत्त्वाचं. जिथे भिंती हललेल्या नाहीत तिथल्या नोंदी शाबूत राहतात. ओळखीच्या चौकटीत पोचला की उंदीर पुन्हा सरळ धावतो.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पुढची फार कोणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

मार्च 1951 मध्ये न्यूयॉर्कला विद्वानांच्या एका परिषदेत शॅननने हे यंत्र दाखवलं. तिथे भिंती चाचपायला उंदराऐवजी एक यांत्रिक बोट होतं. त्या वेळी एक विचित्र अडचण चर्चेत आली. कधी कधी यंत्र कुठेही धडकत नाही, पण पोचतही नाही. पहिल्या चौकटीची नोंद दुसरीकडे धाडते, दुसरीची तिसरीकडे, तिसरीची चौथीकडे आणि चौथीची परत पहिलीकडे. यातली प्रत्येक नोंद लिहिली तेव्हा खरी होती. धडक बसत नाही, म्हणून नोंद पुसायचं कारणही घडत नाही. यंत्र गोल गोल फिरत राहतं, आणि प्रत्येक पाऊल अगदी आत्मविश्वासाने टाकतं.

श्रोत्यांपैकी एकाने या अवस्थेला मनोविकाराचंच नाव दिलं. शॅननने ते मान्य केलं. कोऱ्या डोक्याने निघालेल्या यंत्राला हा रोग जडतो का, असंही विचारलं गेलं. उत्तर होतं, नाही, शिकल्यानंतरच जडतो. ज्याला काही येत नाही तो ठेचकाळतो, पण या चक्रात सापडत नाही. चक्रात सापडतो तो जाणकार. हे वाचताना मला आमच्या पिढीतले चार-दोन हुशार चेहरे आठवले. नावं सांगत नाही, त्यातले दोघे अजून सल्ले देतात.

शॅननने या चक्रावर इलाज करून ठेवला होता. यंत्रात त्याने विजेचं एक वेगळं मंडल बसवलं होतं, पावलं मोजणारं. बराच वेळ चालूनही ठिकाण आलं नाही की हे मंडल यंत्राला जुन्या नोंदी सोडायला आणि पुन्हा पहिल्या दिवसासारखं शोधायला लावतं. भिंतीची धडक बसेपर्यंत वाट बघत नाही. इतकी पावलं झाली आणि चीज दिसत नाही, एवढा पुरावा त्याला पुरतो. विसरण्यासाठी मुद्दाम तारा जोडणारा इंजिनिअर त्या काळात दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. बाकीचे बहुतेक यंत्रांची स्मरणशक्ती वाढवण्याच्या मागे होते.

उंदीर आज अमेरिकेत एमआयटीच्या संग्रहालयात आहे. बेल प्रयोगशाळेने त्याच्यावर काढलेली जुनी फिल्मही आहे, कोट-टाय घातलेला शॅनन तीत उंदराशेजारी उभा राहून सगळं समजावून सांगतो. ती बघायला मिळाली तर दुसऱ्या फेरीवर थांबू नका. भिंत हलवल्यानंतर उंदीर काय करतो, तिथपर्यंत बघा.