आचार्यांचे आचरण आणि बालकांचे आरोग्य



गुरुपौर्णिमा आली की आपण गुरूंच्या ज्ञानाचा महिमा गातो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या परंपरेने शिक्षकास 'आचार्य' असे जे मानाचे नाव दिले, त्याची व्युत्पत्ती सांगताना यास्कांनी निरुक्तात प्रथम बोट दाखविले ते आचाराकडे. जो शिष्याकडून आचार ग्रहण करवितो तो आचार्य. अर्थ आणि बुद्धी यांचा विचार त्यानंतर येतो.

आचार म्हणजे केवळ सोवळे-ओवळे नव्हे. जेवणापूर्वी हात धुणे, जेथे तेथे न थुंकणे, काय व किती खावे, केव्हा निजावे व उठावे, हा सगळा आचारच होय. पौरोहित्याच्या घरात वाढलेल्या आम्हांस हा आचार कसा लागतो हे ठाऊक आहे. संध्येपूर्वी पाय धुवावे हा धडा आमच्याकडून कोणी पाठ करून घेतला नाही. वडील धूत, म्हणून आम्ही धुतले. मंत्र मुखोद्गत व्हावयास वर्षे लागली. पाय धुणे मात्र आपोआप आले.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास आचार्य निरोपाचा उपदेश करतात. त्यात ते मोठ्या प्रांजळपणे सुचवितात की, आमच्या आचरणातील जे चांगले असेल तेवढेच तू घे, बाकीचे सोडून दे. गुरूने आपल्यात उणे असू शकते असे मानावे, ही आपल्या संस्कृतीची थोरवी आहे. परंतु हा उपदेश कोणास केला, हेही पाहिले पाहिजे. तो वेदाध्ययन पुरे केलेल्या तरुणास आहे. त्याच्यापाशी विवेकाची चाळणी आलेली आहे. दुसरीच्या वर्गातील बालकापाशी ती नाही. गुरुजींचे वळणदार अक्षर आणि गुरुजींच्या खिशातील तंबाखूची पुडी या दोन्ही गोष्टी त्यास सारख्याच प्रिय, कारण दोन्ही गुरुजींच्या आहेत. म्हणून निवडण्याचे जे काम उपनिषदाने शिष्यावर सोपविले, ते प्राथमिक शाळेत गुरूस स्वतःच करावे लागते, आणि तेही वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी.

तंबाखूचे नाव आम्ही सहज घेतले नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे तंबाखूच्या पेठेचे व विडीच्या धंद्याचे प्रसिद्ध गाव. त्या पिकावर आणि विड्या वळण्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, कित्येक मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली. त्या कष्टकऱ्यांस दूषण देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पोटासाठी पीक काढणे निराळे आणि फळ्यापाशी उभे राहून ओठाआड चिमूट धरणे निराळे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री निषिद्ध केली आहे; १८ वर्षांखालील मुलास ती विकणेही गुन्हा आहे. यार्ड मोजता येतात, पानाची टपरी हलविता येते. परंतु गुरुजींच्या सदऱ्याचा खिसा कोणी मोजावा? आमच्या शाळकरी वयात एक शिक्षक पुडी आणावयास मुलांनाच पिटाळीत. गणित ते उत्तम शिकवीत, म्हणून नावाचे प्रयोजन नाही. ज्यास पाठवीत तो लाडका समजला जाई, आणि आज आपली वेळ यावी म्हणून मुलांत चढाओढ चाले. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो असे विज्ञानाच्या तासास सांगावयाचे आणि मधल्या सुट्टीत तळहातावर चुना लावून तीच मळावयाची, यातून बालक दोन गोष्टी शिकते. पहिली तंबाखू. दुसरी त्याहून घातक: पुस्तकातले पाळावयाचे नसते.

याच्या उलट पाहावयाचे तर साने गुरुजी. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, पुढे तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले, आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. अवघ्या सहा वर्षांचे हे काम. परंतु त्याची आठवण महाराष्ट्र अजून काढतो. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते आपल्या हाताने झाडीत, अंथरुणे नीट लावीत, मुलांचे कपडेही धूत. स्वच्छतेवर व्याख्यान देण्यास त्यांच्याइतका गोड वक्ता कोण होता? तरी त्यांनी केरसुणी उचलली. गुरुजींच्या हाती ती पाहून आपल्या हाती न घेणारा मुलगा विरळाच म्हणावयाचा.

सांप्रत शाळांतून दुपारचे भोजन मिळते. कर्नाटकात त्यास अक्षर दासोह असे सुंदर नाव आहे. मुलांस वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते अन्न चाखावे असा नियम आहे. देवापुढील नैवेद्य उष्टा होऊ नये म्हणून आपण चाखत नाही. बालकापुढील नैवेद्य मात्र चाखूनच ठेवावयाचा. लोककथेतील शबरीने रामासाठी बोरे चाखली ती याच मायेने. चाखले न गेल्यास काय ओढवू शकते, हे बिहारमधील सारण जिल्ह्याने पाहिले. १६ जुलै २०१३ रोजी तेथील गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. तेव्हा न चाखताच वहीत सही करणाऱ्या गुरुजींनी शबरीचे स्मरण ठेवावे. आणि जे गुरुजी साबणाने हात धुऊन मुलांच्याच पंगतीत बसतात, तेच अन्न जेवतात, पानात टाकत नाहीत, त्यांना आरोग्याचा निराळा तास घेण्याची फारशी गरज पडत नाही.

सगळा भार शिक्षकांवर टाकून आपण मोकळे होऊ असे मात्र नाही. निवडणूक आली की शिक्षक, जनगणना आली की शिक्षक. शिवाय शाळेच्या नळास पाणीच नसेल तर गुरुजींचे उदाहरण कोरडेच राहणार. आपल्या सभासदांपैकी जे शाळा सुधारणा समितीवर आहेत त्यांनी पुढील बैठकीत नळ, साबण आणि पिण्याचे पाणी हे तीन विषय इमारतीच्या रंगाआधी घ्यावेत. आणि घरी? 'गुरुजींनी सांगितले' म्हणून मुलगा पान खाणाऱ्या आजोबांस हटकतो, तेव्हा त्यास उद्धट म्हणून गप्प बसवू नये. तो आचार्याचा आचार घरी घेऊन आलेला असतो.

येत्या महाप्रसादाच्या दिवशी शिक्षक सभासदांना आमची एक विनंती आहे. पहिली पंगत बसण्यापूर्वी अर्धा तास आधी त्यांनी यावे, मुलांना घेऊन नळापाशी उभे राहावे, आणि मुलांच्या आधी स्वतःचे हात धुवावेत. साबण कोठीघरातून मिळेल.