चाकाची खुर्ची आणि जंगमतत्त्व



महात्मा बसवेश्वरांचे एक वचन असे आहे की ते ठाऊक नसलेला लिंगायत सापडणे कठीण. धनवंतांनी बांधलेल्या देवालयाशेजारी त्यांनी त्यात आपला देह उभा केला आहे, पायांना खांबांची उपमा दिली आहे आणि अखेरीस स्थावर व जंगम यांतील भेद सांगितला आहे. या वचनावर मी बरीच वर्षे निरूपण करीत आलो. श्रावणमासात, बसवजयंतीला, कधी लग्नघरीही. माझे बोलणे इतके ठरून गेले होते की कुठे थांबायचे आणि कुठे आवाज चढवायचा हेही पाठ झाले होते.

अशाच एका सायंकाळी निरूपण संपले, मंगल झाले, लोक उठू लागले. तेव्हा मागच्या भिंतीशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका श्रोत्याने विचारले, "अण्णा, ज्याचे खांब पडले त्याच्या देवळाचे काय?"

हे गृहस्थ पूर्वी वायरमन होते. विजेच्या खांबावरून पडून पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालची शक्ती व जाणीव दोन्ही गेली. "खांबावरून मी पडलो आणि माझेच खांब गेले," असे ते हसत सांगतात. पण त्या दिवशीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता.

मी उत्तर दिले. जंगम म्हणजे पायांनी चालणारा एवढाच अर्थ शरणांना अभिप्रेत नव्हता; ज्याचे ज्ञान, ज्याचे आचरण जिवंत आहे तो जंगम. रोज चार मैल चालणाराही मनाने दगड असू शकतो आणि अंथरुणाला खिळलेलाही जंगम असू शकतो. उत्तर चुकीचे नव्हते, आजही मी त्यातला शब्द मागे घेणार नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "पटले. आता मला खाली कोण उतरवणार तेवढे सांगा."

आमच्या मठाला तीन पायऱ्या. त्यांना आत आणायचे म्हणजे चौघांनी खुर्ची माणसासकट उचलायची. त्या चौघांत मी असे, आणि खरे सांगायचे तर त्याचे मला समाधान वाटे. शरणसेवा घडली, असे वाटे. उतरवताना त्या दिवशी ते म्हणाले, "अण्णा, तुमच्यातल्या एकाचा हात निसटला तर पडणार मी, पुण्य मात्र चौघांचे." रात्री मला झोप आली नाही.

दासोह आणि दान यांतला फरक आपण नेहमी सांगतो. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दासोहात देणारा स्वतःला दास मानतो. मग आम्ही जे करीत होतो ते काय होते? त्यांना मठात येण्याची इच्छा झाली की आधी चौघे मोकळे आहेत का ते पाहावे लागे. लघवीला जायचे झाले तर निरूपण अर्धे टाकून चौघांना उठवायचे. म्हणून मठात यायचे त्या दिवशी ते दुपारपासून पाणी पीत नसत. हे मला फार उशिरा कळले. आमच्या सेवेची किंमत ते तहानेने मोजत होते. कण्याच्या दुखण्यात मूत्रमार्गाचे विकार आधीच मागे लागलेले असतात. त्यात पाणी तोडणे किती घातक, हे कोणीही डॉक्टर सांगेल.

आणखी एक गोष्ट सांगतो, त्यात माझे अज्ञान दिसेल. निरूपण चालू असता ते दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबून स्वतःला वर उचलीत, थोडा वेळ तसेच राहत आणि पुन्हा बसत. माझ्या बोलण्याला कंटाळले असे मी समजत असे. वस्तुतः ज्याला बसल्या जागी वेदना कळत नाही त्याची कातडी एकाच जागी दाब पडून आतून कुजू लागते. खोल जखम होते, ती महिनोन्‌महिने भरत नाही आणि प्रसंगी जीव घेते. म्हणून ते उचलणे. आपण बसल्या बसल्या कूस बदलतो ते नकळत. त्यांना ते घड्याळाकडे बघून करावे लागते.

ही खुर्ची म्हणजे लाकडी खुर्चीला चाके लावली असे नव्हे. मागची मोठी चाके साधारण दोन फूट व्यासाची, त्यांना बाहेरून एक कडे. ते कडे हातांनी ढकलीत बसणारा स्वतः जातो. पुढची चाके लहान, सर्व बाजूंना वळणारी, आणि तीच खरी नाजूक. दोन बोटे उंचीचा उंबराही त्यांना अडतो. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथे श्टेफान फार्फ्लर नावाच्या घड्याळजीने सतराव्या शतकात हाताने फिरवायची तीनचाकी गाडी स्वतःसाठी केली. त्याला चालता येत नव्हते. आज आपण पाहतो ती घडी होणारी लोखंडी नळ्यांची खुर्ची 1930 च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी केली. एव्हरेस्ट खाणकामाचा अभियंता, खाणीतल्या अपघातात त्याची पाठ मोडलेली. म्हणजे ज्याला गरज त्यानेच हाताने घडवले. याला कायक म्हणू नये तर कशाला म्हणावे?

आमच्या वायरमननीही तेच केले. घरच्या ओसरीत टेबल आपल्या गुडघ्यांवर येईल एवढे उंच करून घेतले आणि शेतीपंपांच्या मोटारींचे रिवाइंडिंग सुरू केले. उन्हाळ्यात दारात मोटारींची रांग असते. पण बँकेत गेले की कारकून कागद घेऊन रस्त्यावर येतो, आणि यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत सही करायची. तो कारकून सज्जन आहे. आम्ही चौघेही सज्जनच होतो!

आपल्याकडे कोल्हापूर फार दूर नाही. तिथे नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. ऐन तारुण्यात त्यांना पक्षाघाताने खुर्ची आली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची'. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी ते वाचावे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी तर आधी वाचावे.

आता मठातल्या चर्चेकडे येतो. उतार बांधावा असे मी बैठकीत सुचवले तेव्हा विरोध कोणी केला नाही. अडचणी मात्र निघाल्या. एक वडीलधारे म्हणाले, आपला देव तळहातावर आहे. इष्टलिंगधारकाला देवळाच्या पायऱ्या कशाला चढायला हव्यात? घरी बसून लिंगपूजा करावी. ऐकायला हे शुद्ध तत्त्वज्ञान आहे, आणि म्हणूनच मला ते जास्त खटकले. भक्त आणि देव यांच्यामध्ये पायऱ्या नसाव्यात म्हणून शरणांनी इष्टलिंग दिले. ते कोणाला दाराबाहेर ठेवण्याचे निमित्त म्हणून नव्हे. आणि पूजा एकट्याची असली तरी अनुभाव एकट्याचा होत नाही. तसे असते तर कल्याणला अनुभवमंटप कशाला हवा होता? नाना कायकांची माणसे तिथे एकत्र बसली ती एकमेकांचे ऐकण्यासाठी.

दुसरी अडचण खरी होती. आपण चपला बाहेर काढतो. रस्त्याची घाण लागलेली चाके मंटपात कशी न्यायची? यावर बराच वाद झाला. शेवटी एका माउलीने विचारले, "ती चाके म्हणजे त्यांची चप्पल की त्यांचे पाय?" सगळे गप्प झाले. चप्पल काढून ठेवता येते. पाय काढता येत नाहीत, धुवावे लागतात.

तिसरी अडचण, पंगतीत ते सर्वांपेक्षा उंच बसतात. यावर मला फार लिहावेसे वाटत नाही. श्रीजगद्गुरूंची अड्डपालखी आपण खांद्यावर घेतो तेव्हा पालखीतील व्यक्ती परावलंबी आहे असे कोणाच्या मनात येत नाही. आणि गुडघे धरलेल्या वृद्धांनाही बाक हवाच होता. बाक आले, तीन आजोबा त्यांच्या शेजारी जेवू लागले, प्रश्न मिटला.

उतार बांधायचा तर हिशोब असा. एक हात उंचीला बारा हात लांबी, हे किमान प्रमाण. आमच्या तीन पायऱ्या मिळून 45 सेंटिमीटर, म्हणजे उतार 5.4 मीटर लांब हवा. दार 90 सेंटिमीटर मोकळे असावे. यापेक्षा उभा उतार केला तर तो शोभेला. चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना हात भाजतात. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूही येतात, हे बैठकीत बहुतेकांना ठाऊक नव्हते. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द 2015 च्या अखेरीपासून रुळला. शब्द बदलला, पायऱ्या तशाच होत्या.

उतार झाल्यावर एक नवाच प्रकार सुरू झाला. ते आले की दहाजण खुर्ची ढकलायला धावत. न विचारता मागून कोणी खुर्ची धरली तर बसणाऱ्याला काय वाटत असेल? कोणी मागून येऊन आपला दंड धरून ओढले तर आपल्याला वाटते तेच. मला आयदक्की लक्कम्मांची आठवण झाली. मारय्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्या माउलीने ते परत पाठवले; गरजेहून अधिक घेणे तिला मान्य नव्हते. मदतीचेही तसेच आहे. अधिकची मदत नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो, आणि ती परत आली तर देणाऱ्याने रुसू नये. मी स्वतः दोनदा रुसलो आहे.

दारापाशी पाय धुण्याचा नळ होता, त्याची तोटी गवंड्याने खाली घेतली आणि शेजारी एक फडके टांगले. परवा सोमवारी मी पोचलो तेव्हा ते चाके पुसत होते. मी हात पुढे केला. "राहू द्या, एकच बाजू उरलीय," ते म्हणाले, आणि मी माझे पाय धुऊन आत गेलो. त्यांनी मागून येऊन भिंतीशी नव्हे, दुसऱ्या रांगेत खुर्ची लावली. निरूपण सुरू होण्याआधी त्यांनी तांब्याभर पाणी मागवून घेतले.