गिधाडाविना दखमा

जरथुश्त्री श्रद्धेनुसार मृत्यू अहुरमझ्दाकडून येत नाही, तो अंग्र मइन्यू या दुष्ट तत्त्वाकडून येतो. प्राण गेला की देहाचा ताबा नसू ही कुजवणारी, अपवित्र शक्ती घेते. म्हणून असा देह मातीत पुरू नये, पाण्यात सोडू नये, अग्नीत जाळू नये, असा ‘वेंदिदाद’ या ग्रंथाचा दंडक आहे. तो उंच, उघड्या जागी सूर्यासमोर ठेवावा आणि पक्ष्यांनी संपवावा. याच आज्ञेतून दखमा उभा राहिला. या गोल, बिनछपराच्या दगडी वास्तूत बाहेरच्या रांगेत पुरुष, मधल्या रांगेत स्त्रिया, आतल्या रांगेत मुले आणि मधोमध हाडांची विहीर अशी रचना असते. मुंबईत मलबार टेकडीवरच्या डुंगरवाडीत ही प्रथा सतराव्या शतकापासून चालत आली.

या विधीत पावित्र्य आणि आरोग्य यांची फारकत नाही. पाण्याचे रक्षण करणाऱ्या दिव्यशक्तीचे नाव हउर्वतात. त्या शब्दाचा अर्थच पूर्णत्व, निरामयता असा आहे. पाणी विटाळणे म्हणजे आरोग्यावर घाला घालणे, हे येथे धर्मवचनच आहे. मात्र ते पाळण्यासाठी माणसाची श्रद्धा पुरत नाही. पुरोहित, मृतदेह हाताळणारे नसेसालार आणि तो वाहून नेणारे खांधिये यांनी आपापले काम चोख केले तरी शेवटचे काम गिधाडाचे असते. थवा उतरला की तासाभरात देहाची हाडे उरत.

गिधाडांवर घाला आला तो गोठ्यातून. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीने १९७३ मध्ये तयार केले. १९९०च्या दशकात पेटंटची मुदत संपली, स्वस्त जेनेरिक औषध बाजारात आले आणि लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला ते सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि युरिक आम्ल आतड्यांवर, यकृतावर पांढऱ्या थराने साचते. शंभरात एखाद्याहूनही कमी शवांत हे औषध असले, तरी सामुदायिक पंगतीने जेवणारा हा पक्षी नामशेष व्हायला तेवढे पुरे होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण कळले ते २००४ मध्ये, पाकिस्तानातील पंजाबात झालेल्या संशोधनातून. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली.

गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे मग कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीजचा धोका वाढला आणि सडकी शवे पाण्यात पोचली. पूर्वी गिधाडे असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना करून २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी सुमारे ५ लाख माणसे जास्त मेली. जरथुश्त्री अंत्यविधीत कुत्र्यालाही मान आहे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल: ‘सगदीद’ विधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडली की नसू दूर पळते, असे मानतात.

डुंगरवाडीसमोर उभा राहिलेला प्रश्न खऱ्या अर्थाने धर्मशास्त्रीय आहे. आज्ञा पाळण्याचे साधनच निसर्गातून गेले, तर आज्ञा उरते का? परंपरानिष्ठांच्या मते उरते, कारण सूर्य अजून आहे. म्हणून दखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवले गेले. पण पावसाळ्यात ते थंड पडतात, आणि इतकी उष्णता म्हणजे जाळणेच नव्हे काय, हा आक्षेपही समाजातूनच आला. सुधारकांचे म्हणणे असे, की पृथ्वी, पाणी आणि माणसे दूषित होऊ नयेत हा आज्ञेचा हेतू आहे. अर्धवट कुजलेले देह साठवणारा दखमा त्याच हेतूचा भंग करतो. २०१५ मध्ये वरळी येथे दहन निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. सुधारकांचा युक्तिवाद अधिक भक्कम वाटतो, तरी एक अडचण राहतेच: स्वतःचा देह पक्ष्यांना देणे हे शेवटचे दान मानले जाते, आणि विद्युतदाहिनीत ते दान घेणारे कोणी नसते.

डुंगरवाडीत मोठ्या पिंजऱ्यात गिधाडे पाळण्याची कल्पनाही पुढे आली. ती अडली ती त्याच औषधापाशी. माणसांसाठी डायक्लोफिनॅक आजही विकले जाते, आणि शेवटच्या आजारपणात कोणी ते घेतले नसेल याची हमी कोण देणार?

भारतीय संविधानाचे २५वे कलम धर्मस्वातंत्र्य देते ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कोविडच्या साथीत या अटीचा कस लागला. मृतदेह पुरावेत किंवा जाळावेत, एवढेच पर्याय सरकारी नियमांत होते. परंपरानिष्ठ पारशांना दोन्ही वर्ज्य. सुरतच्या पारशी पंचायतीने न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सर्वसंमत कार्यपद्धती ठरली. तिच्यानुसार देह उन्हात ठेवण्यास मुभा मिळाली, मात्र संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून दखम्यावर पक्ष्यांना अडवणारी जाळी घालायची होती.